माझ्या पोटातले सोवळे

मी एक जुना मॅग्नेटो आहे. मित्रांनो, नाव ऐकून तुम्ही एकमेकांकडे पाहिलेत, ते मला दिसले. चालायचेच. अहमदपूरच्या या शाळेत विज्ञानाच्या कपाटातल्या सर्वांत खालच्या फळीवर मी बसलो आहे. डाव्या हाताला फुटके भिंग, उजव्या हाताला बेडकाची बरणी. माझ्या अंगावर कोणीतरी चिठ्ठी चिकटवली आहे, 'जुना डायनमो'. या चिठ्ठीचा मला फार राग येतो. डायनमो दिवा लावतो. मी आग लावतो. चांगल्या अर्थाने म्हणतो आहे.

तुमच्या काळातल्या मोटारीत किल्ली फिरवली की काम झाले. माझ्या काळात बऱ्याच मोटारींना बॅटरी नसे. पुढे लोखंडी हँडल लावून गडी घाम गाळीत ते फिरवी, आणि मग इंजिनात ठिणगी पडे. लोक पेट्रोलचे गुण गातात. पेट्रोल काय, डब्यात ठेवले तर वर्षभर गप्प पडून राहील. त्याला पेटवणारा कोणीतरी लागतो, आणि तो मी होतो. मिनिटाला हजारो ठिणग्या, चार सिलिंडरना पाळीपाळीने, एकाचीही पाळी न चुकवता. पंगतीत वाढणाऱ्यालाही इतके जमत नाही.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडच्या एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. माझी बांधणी समजली तर पुढची गोष्ट समजेल, म्हणून थोडे ऐका. बाहेर घोड्याच्या नालेच्या आकाराची पोलादी लोहचुंबके. त्यांच्या पायांमध्ये फिरणारा लोखंडी गाभा. गाभ्यावर आधी तांब्याची जाड तार, आणि तिच्यावर केसाहून बारीक तारेचे हजारो वेढे, थरावर थर. गाभा फिरला की त्या बारीक तारेत वीज उसळते. एका थराची वीज दुसऱ्यात घुसू नये म्हणून थराथरांत पातळ कापड असते. पुढच्या अंगाला दोन इवल्या टिकल्या, त्या उघडमीट करतात. आणि सगळ्यांवर एक काळे टोपण, ते ठिणगी चौघांत वाटते. या सगळ्याला एकच गोष्ट चालत नाही. ओल.

लातूरला मी आगबोटीने आणि मग छोट्या रुळांच्या रेल्वेने आलो, उघड्या डब्यावर बांधलेल्या एका हिरव्या मोटारीच्या पोटात. तेव्हा इकडे निजामाचे राज्य होते. मोटार घेतली होती बापूसाहेब वकिलांनी. अदालतीच्या कामासाठी त्यांना कधी निलंगा, कधी अहमदपूर, कधी थेट नांदेड असे फिरावे लागे. बैलांच्या दमणीत बसून त्यांची कंबर धरली होती. मोटार आली त्या दिवशी गंजातली, म्हणजे बाजारपेठेतली, निम्मी माणसे तिच्याभोवती जमली. कोणी दिव्यांना हात लावला, कोणी भोंगा दाबला. माझ्याकडे मात्र एकानेच पाहिले. त्याचे नाव संगप्पा.

संगप्पा निलंग्याच्या एका लोहाराचा मुलगा. त्याचे वडील आणि भाऊ बैलांच्या खुरांना लोखंडी पत्री ठोकण्याचे काम करीत. त्याने मात्र हैदराबादेत तीन वर्षे एका मोटारखान्यात काढली होती. तो बापूसाहेबांची मोटार हाकायचा आणि दुरुस्तही करायचा. लातूरपासून नांदेडपर्यंत मॅग्नेटो उघडून पुन्हा नीट बसवणारा तो एकटाच माणूस होता, आणि हे त्याला चांगलेच ठाऊक होते. खरे सांगायचे तर गर्व आम्हा दोघांनाही सारखाच होता, म्हणून आमचे जमले.

मी परदेशात जन्मलो, पण सुधारलो लातुरात. कारखान्यातून आलो तेव्हा माझ्यात खोडी होत्या. इकडच्या धुळीने माझ्या टिकल्या लवकर खरवडल्या जात. संगप्पाने न्हाव्याकडून वस्तऱ्याला धार लावायची जुनी सिल्ली आणली आणि तिच्यावर टिकल्या आरशासारख्या घासल्या. दोन टिकल्यांत किती फट हवी, याचे माप हैदराबादेत पोलादी पट्टीने घेत. संगप्पाकडे पट्टी नव्हती. त्याने प्रयोग करकरून ठरवले की दोन पोस्टकार्डे एकत्र धरली की बरोबर तेवढी फट. दर महिन्याला दोन पोस्टकार्डे माझ्या तोंडात जात. त्यातले एक बापूसाहेबांच्या मेहुण्याचे होते, त्यात त्याने तब्येतीविषयी लिहिले होते. तो मजकूर मला अजून पाठ आहे.

टोपणाच्या कडेने धूळ आत येई, तर संगप्पाने कातड्याची चकती कापून बसवली. वंगण जास्त झाले की मी गुदमरे, तर त्याने कोंबडीचे पीस घेतले आणि पिसाच्या टोकाने एकच थेंब सोडायची रीत पाडली. अशी बारा-तेरा वर्षे गेली. उन्हाळ्यात चाकूरच्या चढावर दुसऱ्या मोटारी उभ्या राहिल्या तरी आमची हिरवी मोटार पुढे निघून जाई. बापूसाहेब मागे बसून मिशीला हात लावीत. मी पुढे बसून ठिणग्या टाकीत असे. त्या दिवसांत माझ्याएवढा सुखी मॅग्नेटो निजामाच्या मुलखात दुसरा नसेल.

आता मी तुम्हाला माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी फजिती सांगतो. दुसरे महायुद्ध चालू होते. विलायतेहून सुटे भाग येणे बंद झाले होते. पेट्रोलही मोजून मिळे. त्या वर्षीची खंडेनवमी आली. तुम्हाला माहीत आहेच, त्या दिवशी हत्यारांची आणि अवजारांची पूजा होते. बापूसाहेबांच्या पत्नी प्रमोदिनीबाई दरवर्षी मोटारीच्या पुढच्या चाकाला हळदकुंकू वाहत. त्या फार श्रद्धाळू होत्या, आणि जे करायचे ते मनापासून करायचे, असा त्यांचा स्वभाव होता. त्या वर्षी त्यांनी विचारले, "संगप्पा, चाकाची पूजा म्हणजे माणसाच्या चपलेची पूजा. या यंत्राचा जीव कुठे असतो रे?"

मित्रांनो, संगप्पाला इतके दिवस हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. त्याची छाती फुगली. त्याने इंजिनाचे झाकण उघडले, माझे काळे टोपण काढले आणि म्हणाला, "बाईसाहेब, ह्यो बगा जीव. ह्यो हाय म्हून समदं हाय."

बाईंनी मला हात जोडले. पाण्यात कालवलेली हळद लावली, कुंकू लावले, अक्षता वाहिल्या, आणि दूर्वांनी दोनदा पाणी शिंपडले. मी काय केले असेल? मी फुगून बसलो. एकदम देवघरात जाऊन बसल्यासारखे वाटले. संगप्पाही भारावला होता. तेवढ्यात बापूसाहेबांनी आतून हाक मारली, आणि संगप्पाने पुसायचे विसरून टोपण जसेच्या तसे बसवले. सुरुवातीपासून बापूसाहेबांचा हुकूम होता की कारण नसताना मॅग्नेटो उघडायचा नाही. म्हणून त्याने झाकणही घाईने बंद केले.

दसऱ्याच्या सकाळी सीमोल्लंघनाला मोटार निघायची होती. संगप्पाने हँडल मारले. मी ठिणगी टाकली, पण ती सिलिंडरकडे जाईना. ओल्या हळदकुंकवाची वाट तिला सोपी वाटली. टोपणाच्या आतच ती सरपटत राहिली. इंजिन दोनदा ठसकले आणि गप्प झाले. दारात पाहुणे उभे होते. संगप्पा घाबरला आणि हँडल मारीतच राहिला, पन्नास वेळा, शंभर वेळा. बाहेर पडायला वाट नाही म्हटल्यावर माझी वीज माझ्याच पोटात घुसली आणि बारीक तारेचे वरचे थर जळाले. मला तो वास अजून आठवतो. जळक्या कापडाचा आणि त्यात थोडा हळदीचा.

दुपारी संगप्पाने टोपण काढले तेव्हा आतला लाल-पिवळा चिखल त्याने पाहिला आणि काय झाले ते त्याला समजले. त्याने तो मुकाट्याने पुसून टाकला. बापूसाहेबांनी विचारले, "संगप्पा, तू मॅग्नेटो उघडला होतास का?"

"हाव साहेब."

"कशाला? मी बजावलं होतं ना?"

संगप्पाने मान खाली घातली. बाईंचे नाव त्याने घेतले नाही. "चूक झाली साहेब. मीच उघडला, माझ्या हातानंच जळाला."

बापूसाहेब वकील होते. कबुलीजबाब मिळाल्यावर पुढे चौकशी करायची त्यांना सवय नव्हती. ते म्हणाले, "विलायतेहून नवा येणार नाही, लढाई चालू आहे. मोडीचा माणूस मोटार मागून राहिलाय. तुला मार्गशीर्षातल्या माळेगावच्या जत्रेपर्यंत मुद्दत देतो. चालली तर आपण मोटारीनं जत्रेला जाऊ. नाही चालली तर मी दमणीनं जाईन आणि येताना नवी बैलजोडी घेऊन येईन. मग मोटारही नको आणि मिस्त्रीही नको."

मित्रांनो, संगप्पाचे काय काय जाणार होते ते लक्षात घ्या. मोटार मोडीत गेली की त्याला निलंग्याला परत जाऊन पत्री ठोकायची होती. त्या कामात कमीपणा नाही. पण 'मागनेट जाळणारा मिस्त्री' हे नाव घेऊन परत जाणे त्याला मरणासारखे वाटत होते. लातूर ते नांदेड सगळ्या रस्त्यावर त्याने मान ताठ ठेवून मोटार हाकली होती. ती मान आता माझ्या पोटातल्या केसाएवढ्या तारेला टांगली होती.

त्याने मला मोटारीतून सोडवले. गाभा बाहेर काढताना लोहचुंबकांच्या दोन्ही पायांवर नांगराचा एक फाळ आडवा चिकटवून ठेवला. असे लोखंड मध्ये दिले नाही तर चुंबकाची ताकद हळूहळू उतरते. इतके भान त्याला त्या दुःखातही होते, याचे मला आजही कौतुक वाटते. मग त्याने जळकी तार सोडवायला घेतली आणि दुसऱ्याच वेढ्याला ती तुटली. लोहाराचे हात होते ते. फट मोजू शकत होते, पण केस उलगडू शकत नव्हते.

तेव्हा त्याला शिवकांता आठवली. शिवकांता पटवेकरीण होती, म्हणजे रेशमाच्या धाग्यात दागिने गाठून देणारी. गंजाच्या मागच्या गल्लीत तिचे छोटेसे दुकान होते. गळ्यातली पोत, कमरेचे करगोटे आणि बैलांच्या शिंगांना बांधायचे रंगीत गोंडे ती करी. पायाच्या अंगठ्यात धागा अडकवून ती इतका बारीक पीळ घाली की डोळ्यांना दिसू नये. संगप्पा मला फडक्यात गुंडाळून तिच्याकडे घेऊन गेला.

तिने तार बोटांत धरून पाहिली. "मिस्त्री, ही तार हाय का लेकराचं जावळ?"

"अक्का, जावळ म्हना, काय बी म्हना. तुटू न देता सोडवायची हाय आन् पुन्ना गुंडाळायची हाय. वेढ्याला वेढा चिकटून, पर वेढ्यावर वेढा चढला न्हाई पायजे."

"गाठ मारून जोडू?"

"गाठ न्हाई चालत. पीळ द्यायचा, वर कथलाचा डाग मी देतो."

"गाठीबिगर पटवेकरीण!" ती हसली. "बरं. ठेवा हितं."

माझे पोट तिने उलगडायला घेतले. टोपणाच्या खाचेत संगप्पाच्या फडक्याला न सापडलेला एक तांदळाचा दाणा अडकला होता, लाल, कुंकवाचा. तिने तो नखाने काढला आणि संगप्पाकडे पाहिले. संगप्पा म्हणाला, "अक्का, टाका तो. कुणाला सांगू नका." तिने दाणा टाकला नाही. रिकाम्या डबीत ठेवून दिला.

रोज सकाळी उजेड चांगला असेपर्यंत ती माझ्यावर बसे. जळका भाग टाकून, चांगला भाग पीळ देऊन जोडून, तिने तार पुन्हा गुंडाळली. शंभर वेढे झाले की ज्वारीचा एक दाणा वाटीत टाकायचा, असा तिचा हिशेब. एकदा ती पाणी प्यायला उठली आणि चिमणीने वाटीतले दाणे टिपले. त्यामुळे माझ्या पोटात नेमके किती वेढे आहेत, हे आजतागायत कोणालाच माहीत नाही. कोणी विचारले तर मी 'पुष्कळ' असे सांगतो.

आणखी एक गंमत ऐका. बापूसाहेबांनी येणाऱ्या बैलजोडीसाठी गोंड्यांची मागणी शिवकांतेकडेच दिली होती. म्हणजे सकाळी ती बैल येऊ नयेत म्हणून मला गुंडाळी, आणि दुपारी त्याच बैलांसाठी गोंडे करी. तिला विचारले तर म्हणे, "काम ते काम."

थराथरांत तिने मलमलीच्या पट्ट्या घातल्या आणि वरून लाख चढवली. चूक झाली ती इथे. पोकळ सोन्याच्या मण्यांत भरायची लाख तिच्याकडे होती. त्या लाखेत राळ आणि विटकरीची पूड मिसळलेली असते. मण्यात ती छान बसते, कारण मणी गळ्यात असतो, इंजिनाशेजारी नसतो. मोटारीत बसवल्यावर मी पहिल्याच हँडलला ठिणगी टाकली. संगप्पाने आनंदाने भोंगा वाजवला. पाव तासाने इंजिन तापले, लाख पाघळली आणि माझा गाभा चुंबकात असा चिकटला की हलेना. मोटार गंजाच्या चौकात उभी राहिली. लोकांनी ढकलत घरी आणली. कोणीतरी म्हणाले, "मिस्त्री, आता बैलच जुंपा." त्या दिवशी मला प्रथमच वाटले की मी लोखंड झालो असतो, नुसते साधे लोखंड, तर बरे झाले असते.

जत्रेला तीन आठवडे उरले होते. संगप्पाने मला पुन्हा शिवकांतेपुढे ठेवले आणि म्हणाला, "ऱ्हाऊ द्या अक्का. मी जातो निलंग्याला."

शिवकांता त्याच्यावर उखडली. "लाख माझी पाघळली, आन् पळून तुमी चाललाव? बसा गप. शुद्ध चपडा लाख आना, नुसती, काही न मिसळता. मलमल बी चालत न्हाई, तिला भोकं असतात. अस्सल रेशमाचं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड लागंल."

"लढाईच्या दिवसांत रेशीम कुठून आनू?"

"ते मी बगते."

ती डबी घेऊन प्रमोदिनीबाईंकडे गेली. बाईंची पोत गाठायची होतीच. पोत हातात देताना तिने डबी उघडून तो लाल दाणा त्यांच्या तळहातावर ठेवला. "बाईसाहेब, ह्यो मागनेटात घावला."

बाईंना क्षणभर काही कळले नाही. मग कळले. त्या पाटावर बसल्या. "म्हणजे माझ्यामुळं? आणि संगप्पा काही बोलला नाही?"

"न्हाई बोलला. मी बी बोलनार नव्हते. पर मला रेशीम पायजे."

बाई उठून देवघरात गेल्या. त्यांच्या पूजेचे सोवळे खुंटीवर होते, जांभळ्या रेशमाचे, लग्नातले. वीस वर्षे धुऊन ते सायीसारखे मऊ झाले होते. त्यांनी ते शिवकांतेच्या हातात दिले. "काप," त्या म्हणाल्या, "मी पूजा चुकीची केली. आता नीट होऊ दे."

मित्रांनो, ते सोवळे कापताना शिवकांतेचाही हात थबकला होता. तिने आधी कात्रीला नमस्कार केला. मग पाघळलेली लाख काढून तार पुन्हा सगळी सोडवली, आणि गुंडाळताना प्रत्येक थरावर एक जांभळी पट्टी, तिच्यावर चपड्याचा हलका हात, पुन्हा थर, पुन्हा पट्टी. सगळे झाल्यावर लाख पक्की भाजायची होती. भट्टी कुठून आणायची? सटवाजी भडभुंज्याकडे लाह्या-फुटाण्यांची तापती वाळू होती. मला एका गाडग्यात ठेवून, तोंड बांधून, गाडगे त्या वाळूच्या कडेला पुरले. तीन दिवस मंद आचेवर मी भाजून निघालो. सटवाजी मधूनमधून विचारी, "झाले का तुमचे फुटाने?" बाहेर निघालो तेव्हा माझी लाख अशी कडक झाली होती की पुन्हा तापवली तरी पाघळणार नव्हती. कारखान्यातसुद्धा मला कोणी इतक्या सबुरीने भाजले नव्हते.

जत्रेच्या दिवशी सकाळी मोटार निघाली. संगप्पा पुढे, बापूसाहेब आणि बाई मागे, आणि करगोट्या-गोंड्यांचे बोचके मांडीवर घेऊन शिवकांताही, कारण जत्रेत तिचे दुकान लागायचे होते. बापूसाहेबांनी पायाशी बैल बांधायची नवी दावी ठेवली होती. मोटार वाटेत बंद पडलीच तर तिथून पुढे गाडी करून जत्रा गाठायची आणि बैल घेऊनच यायचे, असा त्यांचा बेत होता. चाकूर गेले. चढ गेला. इंजिन तापले. संगप्पा दर मैलाला श्वास रोखी. मी ठिणग्या टाकीत होतो. अहमदपूरही गेले आणि मन्याड नदी आली.

नदीत गुडघ्याएवढे पाणी होते. संगप्पाने अलीकडे मोटार थांबवली, डोक्याचा रुमाल सोडला आणि माझ्याभोवती गुंडाळू लागला. पाणी उडाले तरी मला लागू नये म्हणून. बापूसाहेब मागून म्हणाले, "आता इतकं जपून राहिलास. ही काळजी खंडेनवमीला कुठं गेली होती?"

संगप्पाचे हात थांबले. तेव्हा प्रमोदिनीबाई म्हणाल्या, "अहो, खंडेनवमीला मॅग्नेटोवर पाणी मी शिंपडलं होतं."

"तुम्ही?"

"जीव कुठे असतो, असं मी विचारलं, म्हणून त्यानं उघडला. हळदकुंकू मी लावलं. अडीच महिने तुम्ही त्याला बोलताय, आणि तो माझं नाव घेत नाही."

बापूसाहेब खाली उतरले. संगप्पाजवळ येऊन म्हणाले, "मला सांगितलं का नाहीस?"

"साहेब, पूजा करनाऱ्याचा काय गुन्हा? टोपन उघडलं मी, लावलं बी मी. लावायच्या आदी पुसायचं काम माझं होतं. ज्यानं उघडलं त्यानंच नीट बंद करायचं, असं असतं आमच्या कामात."

बापूसाहेबांनी खांद्यावरचे कोरडे उपरणे काढले आणि संगप्पाच्या हातात दिले. "हेही गुंडाळ," ते म्हणाले.

एका मिस्त्रीचा रुमाल आणि एका वकिलाचे उपरणे अंगावर घेऊन मी मन्याड ओलांडली. पाणी बोनेटपर्यंत उडाले. माझी एकही ठिणगी चुकली नाही. पलीकडच्या काठावर संगप्पाने भोंगा वाजवला, तो गरजेपेक्षा बराच लांब वाजला, पण त्याला कोणी अडवले नाही.

माळेगावच्या जत्रेत हजारो जनावरे उभी होती. बापूसाहेबांनी एक लाल कंधारी जोडी पाहिली, तिच्या पाठीवरून हात फिरवला, दात मोजले, आणि परत आले. रिकाम्या हाताने. शिवकांतेच्या दुकानापुढे थांबून म्हणाले, "माझे गोंडे झालेत का?"

"झालेत की साहेब. पर बैल कुठायत?"

बापूसाहेबांनी गोंडे घेतले आणि सगळ्या जत्रेच्या देखत मोटारीच्या दोन दिव्यांना स्वतःच्या हाताने बांधले. मग मोठ्याने म्हणाले, "संगप्पा मिस्त्री, चला घरी." तोपर्यंत ते त्याला 'चल' म्हणत असत. संगप्पाने तोंड फिरवून माझे झाकण पुसायला घेतले. झाकण स्वच्छच होते.

पुढच्या खंडेनवमीला प्रमोदिनीबाई पुन्हा आल्या. या वेळी त्यांच्या हातात आधी कोरडे फडके होते. त्यांनी मला सगळीकडून पुसले. मग संगप्पाला विचारून, बाहेरच्या चुंबकावर कोरड्या कुंकवाचे एकच बोट लावले. त्यानंतर दरवर्षी तसेच.

निजामाचे राज्य गेले. नव्या मोटारी आल्या, बॅटऱ्या आल्या. हिरवी मोटारही थकली. तिला मोडीत देताना संगप्पाने मला स्वतः सोडवले, तेव्हा त्याचे केस पिकले होते. तो मला या शाळेत घेऊन आला आणि गुरुजींना म्हणाला, "गुरुजी, ह्याच्या पोटात सोवळं हाय. लेकरांना दाखवा." गुरुजींनी ऐकले, पण चिठ्ठी लिहिताना विसरले. ते गुरुजी गेले. पुढचे आले. चिठ्ठी तशीच राहिली.

मित्रांनो, मला पूजेचा हव्यास नाही. तुमची सायकल, तुमच्या विहिरीवरची मोटर, तुमच्या आईचे शिलाईचे यंत्र, यांना हळदकुंकू जरूर वाहा. पण त्याआधी फडके हातात घ्या. आणि उघडलेत तर नीट बंद करा. माझ्या संगप्पाने मला शिकवलेले एवढेच आहे, आणि ते त्याला फार महागात शिकावे लागले.

एकदा मला कपाटातून बाहेर काढा. पाठीवर कुंकवाचा फिकट ठिपका दिसेल, तो पुसू नका. चिठ्ठी मात्र जरूर फाडा. मग माझा गाभा जोरात फिरवून पाहा. शिवकांतेचे वेढे शाबूत आहेत, बाईंचे रेशीमही शाबूत आहे. मी अजून ठिणगी देईन.

फक्त येताना हात कोरडे करून या.